मंगलच्या चॅनलवरची तिसरी तक्रार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला कदाचित सांगितलं असतं, पण ती त्याच्या आधीच गेली. मुलं पिंपरीकडं असतात. महिन्या-दोन महिन्यांनी येतात, माझी औषधं तपासतात, फ्रिज उघडून बघतात आणि चार वाजले की निघायची घाई करतात. त्यांना काय सांगणार — आणि खरं बोलायचं तर ती रोज समोर असती तरी सांगितलं नसतं. तीन वर्षं टाळलं. विषय जवळ आला की पाण्याचा तांब्या उचलायचा, टीव्हीचा आवाज वाढवायचा, नाहीतर कांद्याच्या भावावर बोलायचं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगायला घेतलंय. तेही किती जमतंय, बघू.

मी शिरूर तालुक्यातला. घोड नदीच्या काठाला आमचं गाव. नोकरी पाटबंधारे खात्यात, पाटकऱ्याची — कॅनॉलचं पाणी कुणाला कधी सोडायचं ते बघायचं. पण मला कुणी पाटकरी म्हणून ओळखलं नाही. यात्रेच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती असतात, त्यात मी माईकवर पुकारायचो. ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चढाची एक सरळ वाट असते, तिला घाट म्हणतात. खालून चार बैल जुंपलेला गाडा सुटतो, पुढं घोडी, आणि अकरा-बारा सेकंदांत सगळं वर येऊन संपतं. एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. त्या अकरा-बारा सेकंदांत मालकाचं नाव, त्याचं गाव, बैलांची नावं, त्यांचा रुबाब — सगळं एका दमात पुकारायचं. चाळीस वर्षं मी ते केलं. माईक बंद पडला तरी आबांचा, म्हणजे माझा, आवाज खालच्या टोकाला जातो, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

मग शर्यतींवर बंदी आली आणि मी गप्प झालो. किती वर्षं ती. माणूस नोकरीतून निवृत्त होतो तेव्हा त्याला नारळ-टॉवेल तरी देतात. मला कुणी सांगितलंच नाही की तुझा आवाज आता लागणार नाही. एक हंगाम गेला, दुसरा गेला. बायको होती तोवर ती म्हणायची, मला पुकारून दाखवा की. स्वयंपाकघरात मी पुकारायचो. ती भाकरी थापत हसायची. नंतर तीही ऐकायला राहिली नाही.

बंदी उठली तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. आणि तेव्हाच मंगल भेटली.

मंगल ही माझ्या मित्राची, रामभाऊ अप्पांची एकुलती एक मुलगी. अप्पा आमच्या शेजारच्या गावचे. बंदीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी बैल विकले नाहीत. पळायचे नसलेले बैल, आणि त्यांना दूध काय, अंडी काय. लोक हसायचे. मंगल दौंड तालुक्यात वरवंडला दिलेली, नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान. शर्यत असली की ती पहाटे स्कूटीवर निघायची. चौफुला, न्हावरा, तिथून इकडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून मोबाईलनं प्रत्येक बारी घ्यायची आणि आपल्या चॅनलवर टाकायची. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला म्हणालं की बाईमाणसाचं घाटात काय काम. ती कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "माझ्या बापाचं बैल हायेत. तुमचं काय काम, ते सांगा." त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही. उलट ट्रॉलीवर तिच्यासाठी जागा ठेवायला लागले.

बाकीचे व्हिडिओवाले मागं ढणढण गाणी लावायचे. मंगल लावायची नाही. तिच्या व्हिडिओत बैलांच्या टापा असायच्या, माणसांचा गलका असायचा आणि माझा आवाज असायचा. तिनंच मला मोबाईलमध्ये ते कसं बघायचं शिकवलं. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी ते लावून बसायचो. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकायला कसं वाटतं, ते कुणाला समजवायचं? कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

अप्पांना बंदीनंतर एकच हंगाम मिळाला. त्यांची शेवटची बारी मीच पुकारली. पावसाळ्यात ते गेले. त्या बारीचा व्हिडिओ मंगलनं चॅनलच्या सगळ्यात वर लावून ठेवला होता. त्यात अप्पा शेवटी गाड्यामागं धावत येतात, धोतर सावरत, तोंड उघडं, आणि मग कुणाच्या तरी गळ्यात पडतात. माझ्याच गळ्यात. माईक बाजूला झाल्याचा खरखराट त्यात ऐकू येतो.

आता मुद्द्याकडं यायला हवं. मी अजून टाळतोच आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

पुढच्या हंगामात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माईक गेला असता. हातातल्या चिठ्ठीवरची नावं दिसायची नाहीत, म्हणून मी बैलांच्या रंगावरून, चालीवरून मालक ओळखायचो आणि निभावून न्यायचो. एका यात्रेत खालून गाडा सुटला, पुढची जोडी पांढरी. डोकं उंच, डावा बैल जरा आतल्या अंगाला. मी पुकारलं — आली, रामभाऊ अप्पांची बारी आली. गाव पुकारलं, बैलांची नावं पुकारली, सगळं पुकारलं.

अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. तिरडीला मी खांदा दिला होता.

घाटात हसू फुटलं. कमिटीतल्या एकानं माझ्या हातातून माईक काढून घेतला — ओढला नाही, हळूच घेतला. मला वाटतं ओढला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर आलं होतं. कुणीतरी मोठ्या व्हिडिओतून नेमका तेवढाच तुकडा कापलेला, खाली हसणारी तोंडं. एकानं लिहिलं होतं, आबा आता वरच्या घाटातल्या बाऱ्या पुकारत्यात. दुसऱ्यानं लिहिलं, पुढच्या यात्रेला आबांना यमाच्या रेड्याची नोंद द्या. विनोद वाईट नव्हते. दुसऱ्या कुणावर असते तर मीही हसलो असतो. तुकड्याच्या कोपऱ्यात मंगलच्या चॅनलचं नाव होतं. म्हणजे मूळ व्हिडिओ तिचा. तिनं तो टाकला होता, म्हणून हे झालं. मी तिला फोन करून विचारलं का? नाही. तिच्या चॅनलवर जाऊन तो पूर्ण बघितला का? नाही. माझ्या मनात एवढंच बसलं — पोरीनं मला चव्हाट्यावर आणलं. पुढच्या यात्रेत कमिटीवाले म्हणाले, आबा, तुम्ही यंदा स्टेजवर बसा, नारळ तुमच्या हातनं फोडायचाय. माईक दुसऱ्याच्या हातात होता. मी नारळ फोडला. घरी येऊन जेवलो नाही.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं विलास नावाचा एक माणूस आहे. लग्नाचे व्हिडिओ करतो. गाणी काढणाऱ्या एक-दोघांसाठी कॉपीराइटची कामंही करायचा. त्यांचं गाणं कुणी न विचारता वापरलं की तक्रार टाकायची. आमच्याकडं त्याला स्ट्राइक मारणं म्हणतात. मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, माझा आवाज न विचारता वापरलाय. तो म्हणाला, एका तक्रारीनं एक व्हिडिओ जाईल. तीन झाल्या तर सगळं चॅनल जातं.

इथं मी सांगू शकलो असतो की विलासनं मला नादी लावलं. लावलं नाही. तीन टाकू, असं मीच म्हणालो. कोणते तीन, तेही मीच निवडले. पहिला माझ्या चुकीचा. दुसरा एका मोठ्या यात्रेचा. आणि तिसरा — अप्पांच्या शेवटच्या बारीचा. विलासनं विचारलं होतं, आवाज स्वच्छ कुठल्या व्हिडिओत आहे, म्हणजे अडचण येणार नाही. सगळ्यात स्वच्छ त्यात होता. मी बोट ठेवलं.

अर्जात एक चौकोन होता. हे शब्द माझी स्वतःची निर्मिती आहेत, अशा अर्थाचं काही तिथं होतं. विलासनं मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघितलं. आता हे फक्त आमच्या कामातल्या माणसाला कळेल — पुकाऱ्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं. माझ्या आधी घाटात एक म्हातारे पुकारायचे, त्यांच्यामागं पाण्याची घागर घेऊन उभं राहून मी ते उचललं होतं. त्यांनी त्यांच्या आधीच्याकडून. पहिल्यांदा माईक घेतला तेव्हा त्यांच्या पाया पडलो होतो आणि ते म्हणाले होते की शब्द घे, पण दुसऱ्यानं मागितले तर नाही म्हणू नको. आमच्यात तीच रीत. माझे शब्द कुणी घेतले तर मी मिशीवर हात फिरवायचो. आणि त्या दिवशी मी विलासला म्हणालो, हो, माझेच. त्यानं चौकोनात खूण केली.

मला कुणी पुरावा मागितला नाही. त्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. गावात एकानं दुसऱ्यावर आळ घेतला तर दोघांना पारावर समोरासमोर बसवतात. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. इथं मी एक खूण केली आणि मला खरं धरलं. खोटं ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तक्रार विलासच्या स्टुडिओच्या नावानं गेली, त्यामुळं माझं नावही तिला दिसलं नाही.

पाचव्या का सहाव्या दिवशी मंगल माझ्या दारात. स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, पाणी मागितलं. मग सांगायला लागली. चॅनलवर तीन स्ट्राइक आलेत, सात दिवसांची मुदत संपली की बंद होणार. उलट उत्तर देता येतं, पण ते इंग्रजीत, त्यात घरचा पत्ता द्यायचा आणि कोर्टात यायची तयारी आहे असं लिहून द्यायचं. नवरा म्हणाला होता, कोर्टाची भानगड नको, चॅनल गेलं तर गेलं. शिरूरच्या कुठल्या स्टुडिओनं हे केलं, तेवढं तिला कळलं होतं.

"आबा, तुम्ही त्यांना आवाज विकला का?"

मी म्हणालो, मी कुणाला काही विकलं नाही. हे खरं होतं. खरं बोलूनही किती खोटं बोलता येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिनं ते सांगितलं. तो चुकीचा व्हिडिओ — लोक हसले, तिला माहीत होतं. तुकडा कापणाऱ्याशी ती भांडलीही होती. पण तिनं तो हसायला टाकलाच नव्हता. ती खाली मान घालून म्हणाली, "अप्पा गेल्यावर घाटात त्यांचं नाव कवा कोण घेणार हुतं, आबा? तुमच्या तोंडनं आलं. मला वाटलं, अप्पाच पळत्यात खाली. म्हणून ठेवला हुता."

हे ऐकून तुम्ही काय केलं असतं? मी विचारतो खरं, पण उत्तर नकोय. मी काय केलं ते सांगतो. मी चहा ठेवला.

तिची एकच विनंती होती. मी कागदावर लिहून द्यायचं — आवाज माझा आहे आणि मंगलला माझी परवानगी आहे. मला विलासनं आधीच सांगून ठेवलं होतं की परवानगीच्या कागदाला काही अर्थ नाही. ज्यानं तक्रार टाकली त्यानंच मागं घ्यायची, तरच ती मिटते. विलासचं दुकान माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. एक फोनही पुरला असता. मी रेघांचा कागद घेतला. माझं अक्षर चांगलं आहे. पाटकऱ्याच्या नोंदवह्यांनी ते चांगलं ठेवलं होतं. दिसत नव्हतं तरी ओळी सरळ आल्या. खाली सही केली, गाव लिहिलं. तिनं कागदाचा फोटो काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी आशीर्वाद दिला. तोही दिला.

दुसऱ्या दिवशी ती शोधत विलासच्या दुकानात पोचली. विलासनं आत जाऊन मला फोन लावला. दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, ती बाई आलीय. रडतीय. काय सांगू? मागं घ्यायचं का?"

मला अजून एक संधी मिळाली होती. कुणाला मिळते अशी? मागं घेतलं तर तिला कळणार की मी होतो. माझ्या मनात तेवढंच होतं — कळणार. तिचं चॅनल नाही, अप्पा नाहीत. मी म्हणालो, "सांग, पार्टीनं नाव सांगू नको म्हटलंय."

त्यानंतर तिचे दोन फोन येऊन गेले. मोबाईल खाटेवर थरथरत होता, मी त्याच्याकडं बघत बसलो होतो. सातव्या दिवशी चॅनल गेलं.

मला वाटत होतं, व्हिडिओ तिच्याकडं असतील. नसले तर काय, हे मी विचारलंच नव्हतं. मोबाईल भरला की ती जुनं पुसून टाकायची. चॅनलवर आहेच की, कुठं जाणार, असं म्हणायची. अप्पांची शेवटची बारी तिच्याकडं नव्हती. कुणाकडंच नव्हती. गावाच्या ग्रुपवर शोधली, तिथं फक्त तो हसण्याचा तुकडा सापडला.

मंगलनं पुन्हा शर्यतीचा व्हिडिओ काढला नाही. मी घाटात गेलो की ट्रॉलीवरच्या तिच्या जागेकडं बघायचो, तिथं दुसरे उभे असायचे. मग मीही जायचा बंद झालो. कितीतरी संध्याकाळी मी मोबाईलमध्ये तिच्या चॅनलचं नाव घालून बघितलं. हे पान उपलब्ध नाही, असं येतं. माझ्या चाळीस वर्षांतलं जे काही उरलं होतं, ते तिथंच होतं. पण ते मी दुःख म्हणून सांगत नाही. माझ्या हातानं गेलं ते माझं. तिचं का नेलं?

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, गेल्या हिवाळ्यात, मी वरवंडला गेलो. सांगायला गेलो. शिरूरहून एसटीनं चौफुल्यापर्यंत आणि तिथून वडापच्या जीपनं. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो. लहान होतं, चार-पाच शब्दांचं.

ती डेअरीतून नुकतीच आली होती. आता तिथं दुधाचं फॅट मोजायच्या कामाला आहे. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मी उंबऱ्यातच अर्धा संपलो. पिठलं-भाकरी केली, कांदा फोडला. नवरा दुकानातून येऊन नमस्कार करून गेला. मी दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा तिनं पाणी दिलं.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आबा, एक मागू का? अप्पांची बारी एकदा पुकारा की. मोबाईलमधी घेते."

मी अंगणात उभा राहिलो. तिनं मोबाईल समोर धरला. मी पुकारलं. सगळं, जसं घाटात पुकारायचो तसं — नाव, गाव, बैलांची नावं. दम पुरला नाही, मधे एकदा थांबलो. शेजारच्या भिंतीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मंगलनं मोबाईल खाली घेतला नाही. झाल्यावर डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "नवं चॅनल उघडून त्यावर हे टाकलं तर चालंल ना, आबा? परत कुणी स्ट्राइक न्हाई ना मारायचं?"

मी म्हणालो, चालेल.

परतताना तिनं मला चौफुल्यापर्यंत स्कूटीवर सोडलं. मी मागं बसलो होतो. हायवेला उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, सगळा आवाजच आवाज. तिचं तोंड समोर नव्हतं, म्हणून मला धीर आला. मी पुढं वाकलो आणि तिच्या कानाजवळ म्हणालो — मंगल, ती तक्रार मी केली होती, मला माफ कर. शेजारून कंटेनर जात होता. तो जातोय हे बघूनच मी बोललो होतो. हेही लिहून ठेवतो.

तिनं वेग कमी केला, मान जरा मागं वळवली आणि विचारलं, "काय म्हणाला, आबा?"

मी म्हणालो, "काही न्हाई. समोर बघ, गाडी हळू घे."